शिक्षणाच्या अर्थशास्त्रात पीएचडी: अर्थशास्त्र विभागात करू की शिक्षणशास्त्र विभागात?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी मंगळवेढा तालुक्यातली. अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, यूजीसीच्या नेट परीक्षेत फक्त पीएचडी प्रवेशापुरती पात्र ठरले, जेआरएफ (संशोधनासाठीचं विद्यावेतन) थोडक्यात हुकली. आई जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेचा पट ५८. जून उजाडला की आमच्या घरात दुसरा विषय नसतो. वस्तीवरची चार पोरं इंग्लिश मिडियमच्या पिवळ्या गाडीत बसली की आईच्या घशाखाली घास उतरत नाही. पट ६१ झाला तर तिसरा शिक्षक मिळेल, घसरत गेला तर आहे तोही जाईल. दोन माणसांनी चार वर्ग सांभाळायचे, शिवाय पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहित्या भरायच्या. हे पाहत मी वाढले, आणि मला यावरच संशोधन करायचंय: शिक्षक वाढला की मुलं खरंच जास्त शिकतात का, आणि शाळेवर खर्च होणाऱ्या पैशाचं पुढे काय होतं.

अडचण अशी की एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या मुलाखतीत सर म्हणाले, हा विषय बी.एड.वाल्यांचा आहे. दुसरीकडे शिक्षणशास्त्र विभागात गेले तर तुमचं एम.एड. नाही म्हणाले. दोन्ही दारांतून परत आले. हा विषय नेमका कुणाचा? तयारी काय करावी? कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

वाचनमात्र

छान धागा. वाचनखूण साठवली. माझी मुलगीही याच पेचात आहे.

सह्यकडा

ताई, मी याच विषयात मुंबईत पीएचडी केली, सात वर्षं लागली. जमेल तितकं सविस्तर लिहितो.

विषय अर्थशास्त्राचाच आहे. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात मांडलं की शिक्षणावरचा खर्च हा गुंतवणूक म्हणून पाहायला हवा. १९६४ मध्ये गॅरी बेकर यांनी 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात त्याची रीतसर बांधणी केली. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं. १९७४ मध्ये जेकब मिन्सर यांनी ज्या समीकरणाला घट्ट रूप दिलं, ते आजही प्रत्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यात चालवतो: मजुरीचा लॉगरिदम एका बाजूला, शाळेची वर्षं, कामाचा अनुभव आणि अनुभवाचा वर्ग (स्क्वेअर) दुसऱ्या बाजूला. शाळेच्या वर्षांपुढचा जो गुणक येतो, तो एका जादा वर्षाने मजुरी साधारण किती टक्के वाढते ते सांगतो.

इथवर एम.ए.ला शिकवतात. पीएचडीचं प्रशिक्षण याच्या पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं: हा गुणक खरा कशावरून? तुमच्या गावातले दोन मुलगे घ्या. एक दहावीला थांबला, दुसरा पदवीधर झाला. पदवीधराला जास्त पगार आहे. पण त्याच्या घरी विहीर बागायत असेल, आई शिकलेली असेल, मामा पुण्यात असेल. मग पगारातला फरक पदवीचा किती आणि मामाचा किती? न शिकता त्याच मुलाने किती कमावलं असतं ते आपल्याला कधीच दिसत नाही. ते न दिसणारं अंदाजायची विश्वासार्ह रीत शोधणं हेच या शाखेचं निम्मं काम आहे.

दुसरा पेच मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये घातला. शिक्षणाने कौशल्य वाढत नसेल, मालकाला नुसती खूण मिळत असेल तर? पदवी म्हणजे 'हा माणूस चिकाटीचा आहे' याचा दाखला. पगाराच्या आकड्यांत दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पण सरकारने काय करावं याचं उत्तर दोन्हीकडे उलटं येतं.

यातून वाट कशी काढतात त्याची तीन उदाहरणं देतो, कारण माझं शिक्षण खऱ्या अर्थाने यांच्यावर झालं. अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये जन्माच्या तिमाहीचा आधार घेतला. अमेरिकेत ठरावीक वयापर्यंत शाळा सक्तीची, आणि वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं ते वय शाळेची कमी वर्षं झालेली असतानाच गाठतात. म्हणजे जन्मतारखेच्या योगायोगाने काहींना थोडं जास्त शिक्षण मिळालं. कल्पना देखणी आहे. मग १९९५ मध्ये बाउंड, येगर आणि बेकर यांनी त्याच आकड्यांत खऱ्या तिमाहीऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या खोट्या तिमाही घातल्या, तरी उत्तरं जवळपास तशीच दिसली! जन्मतिमाहीसारखं आधाराला घेतलेलं साधन दुबळं असेल तर लाखो माणसांची माहितीही फसवते. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचा, एका सत्राचं शिक्षण त्यात आहे. तिसरं एस्थर डुफ्लो यांचं २००१ चं काम. इंडोनेशियाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, कुठे जास्त कुठे कमी. ज्या जिल्ह्यांत जास्त बांधल्या तिथल्या लहान वयाच्या मुलांची, शाळेचं वय उलटून गेलेल्यांशी तुलना करून त्यांनी शिक्षणाचा परतावा काढला. वर्षामागे साधारण ६.८ ते १०.६ टक्के.

तर माझा सल्ला: नोंदणी अर्थशास्त्र विभागात करा. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स) कुणीतरी मानगुटीवर बसून शिकवावी लागते. सहमार्गदर्शक मात्र शिक्षण क्षेत्रातला घ्या. मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आणि टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात गोखले संस्था. दिल्लीला जाणार असाल तर नीपा (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था), आणि जेएनयूचं झाकिर हुसेन शैक्षणिक अध्ययन केंद्र. तिथे शिक्षणाचं अर्थशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून चालते, म्हणजे तुमची दोन दारांची अडचणच उरत नाही.

जुनी_वही

सह्यकडा यांनी उत्तम लिहिलंय. फक्त विषयाचा जन्म शुल्ट्झ-बेकर यांच्या शिकागोत झाला असं ताईंना वाटू नये म्हणून लिहिते. मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवलं ते पुन्हा वाचा. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, हा त्यांचा मुद्दा होता. कर कोण भरतो आणि लाभ कुणाला मिळतो हा सार्वजनिक वित्ताचा गाभ्याचा प्रश्न आहे, आजही या विषयात त्यावर प्रबंध होतात. किमान १२ वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं असंही त्यांनी त्यात सुचवलं होतं. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं.

आणि तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या, गोखले संस्थेने त्या १९५५ मध्ये छापल्या. मुलं मधेच का गळतात, शाळा सुटल्यावर शिकलेलं किती टिकतं, हे प्रश्न घेऊन ही माणसं गावोगाव गेली होती. शुल्ट्झ यांच्या भाषणाच्या पाच वर्षं आधी! मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात हा अहवाल हातात द्यायचे. प्रश्नावली कशी बांधावी, कोणता आकडा कशासाठी गोळा करावा, हे त्यात इतकं स्वच्छ आहे की वेगळ्या पाठ्यपुस्तकाची गरज पडत नाही.

१९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावा ही मागणी आपण आजही करतो ती त्या अहवालातली. भारतातला शिक्षणाचा परतावा नल्ला गौंडन यांनी १९६७ मध्येच मोजला. आणि सुशिक्षित बेकारीवर ब्लाउग, लेयार्ड आणि वुडहॉल यांचं १९६९ चं पुस्तक भारतावरच आहे. तेव्हा 'हा विषय कुणाचा' असं पुन्हा कुणी विचारलं तर मान खाली घालू नका.

कोरडवाहू

जुनी_वही मॅडम, अंगावर काटा आला. एम.ए.च्या दोन वर्षांत सातारा पाहणीचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

सह्यकडा दादा, इंडोनेशियाचं वाचून एक सुचलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन असं आहे. मग ५८ पटाच्या आणि ६३ पटाच्या शाळा बाकी सगळ्या बाबतींत सारख्याच असणार ना? फरक फक्त एका शिक्षकाचा. त्यांची तुलना करता येईल?

लेक_सुपीरियर

कोरडवाहू, तू न शिकता अँग्रिस्ट आणि लाव्ही यांच्यापाशी पोचलीस. अभिनंदन!

मी अमेरिकेत याच विषयात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. मूळची अमरावतीची. इस्रायलमध्ये मैमोनिडीस या मध्ययुगीन धर्मपंडिताच्या वचनावरून वर्गात ४० मुलांची मर्यादा आहे. ४० मुलं असली तर एकच वर्ग, ४१ झाली की दोन, म्हणजे सरासरी साडेवीसच. या उडीचा उपयोग करून १९९९ मध्ये त्या दोघांनी दाखवलं की वर्ग लहान झाला की चौथी-पाचवीच्या मुलांचे गुण वाढतात. ही पद्धत रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी. तुझं ६१ तेच आहे.

पण पुढची गोष्ट ऐक. २०१९ मध्ये अँग्रिस्ट आणि लाव्ही यांनीच आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर नवी माहिती घेऊन तोच प्रश्न पुन्हा तपासला. नव्या वर्षांत वर्ग लहान-मोठा असण्याचा परिणाम दिसला नाही, आणि शाळा सीमारेषेजवळ पटसंख्या सरकवतात हेही आढळलं. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष वीस वर्षांनी स्वतःच तपासून असं छापणं, याला मी या विषयातलं खरं प्रशिक्षण म्हणते.

म्हणून पहिलं काम: ५५, ५६, ५७ पासून ६५ पर्यंत प्रत्येक पटाच्या किती शाळा आहेत त्याचा आलेख काढ. ६० च्या अलीकडे खड्डा आणि ६१ ला ढीग दिसला तर समज की आकडा हाताने ढकललाय. २००८ मध्ये मॅक्रेरी यांनी याची रीतसर चाचणी दिली आहे. ढीग असेल तर ५८ ची शाळा आणि ६३ ची शाळा सारख्या नाहीत. ६३ ला धडपडे मुख्याध्यापक आहेत, किंवा गावात वजनदार माणूस आहे, आणि त्यांच्यामुळेही मुलं जास्त शिकत असतील.

इथल्या पद्धतीविषयी थोडं. दोन वाटा आहेत: अर्थशास्त्र विभाग, किंवा शिक्षण महाविद्यालयातली अर्थशास्त्राची शाखा, जशी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये किंवा स्टॅनफर्डच्या शिक्षण महाविद्यालयात आहे. पहिलं वर्ष दोन्हीकडे जीव काढतं. मग परीक्षा, मग विशेष विषय, मग तीन स्वतंत्र निबंधांचा प्रबंध. पाच ते सहा वर्षं. फी माफ आणि वर विद्यावेतन अशी सोय बहुतेक चांगल्या ठिकाणी असते, त्यामुळे घर विकून इथे येऊ नकोस आणि पैसे भरून पीएचडी करू नकोस.

एक गोष्ट मला इथे मिळाली ती भारतात राहूनही शिकता येईल: परीक्षेचे गुण म्हणजे काय? 'गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाने) वाढले' असं वाक्य सगळीकडे दिसतं. मुंबई आणि वडोदऱ्याच्या बालसखी प्रयोगाचा दुसऱ्या वर्षाचा आकडा हाच होता. महापालिकेच्या शाळांतली तिसरी-चौथीची मागे पडलेली मुलं रोज दोन तास, पंधरा-वीसच्या गटाने, वस्तीतल्याच एखाद्या मुलीकडे शिकायची. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचं काम, आणि बॅनर्जी, कोल, डुफ्लो, लिंडेन यांचा २००७ चा निबंध. पण ०.२८ म्हणजे एखादं मूल हातच्याची वजाबाकी करायला शिकलं का? ते आकड्यावरून कळत नाही, प्रश्नपत्रिका उघडून पाहावी लागते. अर्थशास्त्राचे विद्यार्थी ती उघडत नाहीत अशी माझी तक्रार आहे.

केंद्रशाळा

राम राम. मी बीड जिल्ह्यात केंद्रप्रमुख होतो, आता घरी. इंग्रजी निबंध मी वाचलेले नाहीत, पण पट मला माहीत आहे.

अमरावतीच्या ताई म्हणतात तो ढीग आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, बोटाला शाई लावून पोरं मोजली. कागदावरची किती पोरं प्रत्यक्षात नव्हती ते तेव्हा उघड झालं. त्यानंतर सरल (राज्याची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) आलं, आधार आलं, आता यूडायसमध्येही (शाळांच्या माहितीची देशपातळीवरची नोंद) एकेका विद्यार्थ्याची नोंद होते. म्हणजे २०११ च्या आधीचा पट आणि नंतरचा पट ही एकच वस्तू धरू नका.

दुसरं. ६१ झाले म्हणजे तिसरा गुरुजी आला असं नाही. पद मंजूर होतं, माणूस येतोच असं नाही. रिक्त पदं आहेत, बदल्या आहेत, एकजण निवडणुकीच्या कामावर असतो. आणि संचमान्यतेचे, म्हणजे पटाप्रमाणे शिक्षकांची पदं मंजूर करायचे, निकष जीआरने बदलतात, २०२४ मध्येही बदलले. कोणत्या वर्षी कोणता जीआर लागू होता ते आधी लिहून काढा. कायद्याचं परिशिष्ट वाचून तालुक्याचा कारभार कळत नाही.

तिसरं, आणि हे मी कळकळीने सांगतो. यूडायसचा पट ३० सप्टेंबरचा. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयता उचलतात. नवरा-बायको दोघं ट्रॅक्टरवर बसून कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परततात. पोरं कुणाकडे ठेवायची? आजी असेल तर गावात, हंगामी वसतिगृह मिळालं तर तिथे, नाहीतर पाचटाच्या खोपीत आईबापासोबत. ३० सप्टेंबरला माझ्या एका शाळेत ५४ पोरं असायची आणि डिसेंबरात मी भेट दिली की तीस. पुस्तकात ५४ च. तुमची आकडेमोड म्हणेल एका गुरुजीला २७ पोरं. सहा महिने ती १५ असतात, आणि एप्रिलमध्ये सगळं विसरून परत आलेली २७.

गैरहजेरीचंही असंच. पोरांच्या आणि मास्तरांच्याही.

सह्यकडा

केंद्रशाळा गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. माझ्या प्रबंधात ३० सप्टेंबर ही तारीख दीडशे वेळा आली असेल. ती तारीख हंगामाच्या आधीची आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि माझ्या कुणा परीक्षकाच्याही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

शिक्षकांच्या गैरहजेरीवरून: २००३ मध्ये अचानक भेटी देऊन देशभर जी पाहणी झाली, तिच्यात सरासरी २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नाहीत. महाराष्ट्रात हे प्रमाण मोठ्या राज्यांत सगळ्यात कमी, १५ टक्क्यांच्या आसपास, झारखंडात ४२. पण त्या आकड्यात रजेवरचे आणि इतर सरकारी कामावर गेलेलेही आहेत. 'गैरहजर' शब्द वाचून लगेच 'कामचुकार' असं भाषांतर करू नये, ते याचसाठी.

ताई, तुमच्या तयारीचं थोडक्यात. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३, कमाल ६ वर्षं, महिलांना २ वर्षं जास्तीची सवलत. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. तुमच्या नेट गटात प्रवेशासाठी ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० मुलाखतीला, आणि ती पात्रता एकच वर्ष चालते, तेव्हा वेळ दवडू नका. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००. म्हणून नेट पुन्हा द्याच. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत, तुमच्या प्रवर्गाप्रमाणे पाहा.

बारा क्रेडिटमध्ये अर्थमिती येत नाही, हे आधीच मान्य करा. एका सत्रात एसपीएसएस दाखवून सोडून देतात अशी ठिकाणं मी पाहिली आहेत. बाकीचं स्वतः करायचं. रोज तासभर आर किंवा स्टाटा ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं. आणि राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी, २०१७-१८ ची, शिक्षणावर आहे: एक लाखाहून जास्त घरं, मूळ माहिती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट. ती उतरवून मंत्रालयाच्या अहवालातला एक तरी तक्ता स्वतःच्या संगणकावर जसाच्या तसा आणून दाखवा. पहिल्या वेळी येणार नाही. नमुन्यातल्या प्रत्येक घराचे गुणक (वेट) नीट लावायचे राहतात, ते कधी १०० ने तर कधी २०० ने भागायचे असतात ते सूचनापुस्तिकेच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मला तो एक तक्ता जुळवायला तीन आठवडे लागले होते. पण त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते कोर्सवर्कमध्ये नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा. माझी पहिली दोन वर्षं एका मार्गदर्शकांकडे वाया गेली, मसुदा सहा-सहा महिने टेबलावर पडून राहायचा. नाव घेत नाही. बदलून घेतलं तेव्हा सुटलो.

रानवाट

मी शिक्षणाचं समाजशास्त्र शिकवते. वरचं सगळं वाचून एक हरकत नोंदवते, राग मानू नये. परतावा, परतावा म्हणता, तो मजुरीतच का मोजायचा? कोरडवाहू यांच्या गावातल्या बायका शिकल्या आणि घरच्या शेतात राबल्या तर मिन्सरच्या समीकरणात त्या दिसतच नाहीत. त्यांच्या शिक्षणाचा परतावा शून्य धरायचा का? फुल्यांना शिक्षण हवं होतं ते पगारवाढीसाठी नव्हे.

लेक_सुपीरियर

रानवाट, हरकत बरोबर आहे, आणि अर्ध्याचं उत्तर अर्थशास्त्राकडे आहे. मजुरी फक्त मजुरी करणाऱ्यांचीच दिसते, त्यामुळे उरलेल्यांबद्दल काढलेला निष्कर्ष कलतो. १९७९ मध्ये हेकमन यांनी यावर दुरुस्तीची रीत दिली, आपल्याकडच्या स्त्रियांच्या परताव्यावर काम करताना ती किंवा तिच्या पुढची रीत टाळताच येत नाही. शिकलेल्या आईच्या मुलांचं आरोग्य, लग्नाचं वय यांवरही भरपूर काम आहे.

उरलेल्या अर्ध्याचं उत्तर नाही. शिकल्यामुळे बाई ग्रामसभेत उभी राहून बोलली, याची किंमत मला माझ्या साधनांनी काढता येत नाही, आणि काढता येत नाही म्हणून ती नाहीच असं मी लिहू नये, एवढं मी पाळते.

रानवाट

एवढं पाळलं तरी खूप. मग माझं म्हणणं इतकंच की कोरडवाहू यांनी शिक्षणाच्या समाजशास्त्राचा एक तरी कोर्स घ्यावा.

मांडवीकाठ

गोव्यातून थोडं. सीमारेषा फक्त पटाच्या नसतात. आमच्याकडे १९९० च्या सुमारास सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेचं माध्यम मराठी किंवा कोंकणी असेल तरच अनुदान. त्यामुळे अनेक शाळांनी माध्यम बदललं. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठं रण माजलं. माध्यमाचा पुढच्या शिक्षणावर काय परिणाम होतो ते तपासायला याहून चांगली जागा सापडणार नाही. इथल्या कुणा विद्यार्थ्याने घ्यावं.

सह्यकडा

तसंच महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के आरक्षणाची लॉटरी. नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं केवळ चिठ्ठीने वेगळी झालेली असतात, तुलनेसाठी त्याहून शुद्ध काही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना सूट दिली, जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या मधल्या काळात ज्या घरांनी अर्ज केले नाहीत त्यांचं काय झालं, यावर कुणीतरी काम करायला हवं.

वाचनमात्र

नोकरी करत करता येते का हो? वय ४४.

सह्यकडा

येते. अर्धवेळ पीएचडीला २०२२ चे नियम परवानगी देतात, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. वयाचा विचार करू नका.

कोरडवाहू

सगळ्यांचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. ३० सप्टेंबरचं ऐकून ती म्हणाली, 'आपल्याकडंबी तसंच हाय की, पंढरपूरच्या कारखान्यावर जात्यात.' मी तिच्याच घरात राहते आणि हे मला माहीत नव्हतं.

सोलापूर जिल्ह्याचा चार वर्षांचा शाळानिहाय पट उतरवून आलेख काढला. ६१ ला ढीग आहे. फार मोठा नाही, पण आहे. पहिल्यांदा खूप निराश झाले, विषय हातातून गेला असं वाटलं. मग रात्री वाटलं, मी नको त्या आकड्याच्या मागे लागले होते. ३० सप्टेंबरचा पट आणि डिसेंबरची प्रत्यक्ष हजेरी यांतलं अंतर हाच प्रश्न का असू नये? ज्या शाळांची पोरं हंगामात जातात त्यांना सप्टेंबरच्या पटाप्रमाणे शिक्षक आणि पैसा मिळतो, आणि एप्रिलमध्ये परत आलेल्या पोरांना शिकवायला वेगळं काहीच मिळत नाही. हे मोजायचं तर हजेरीपत्रकं हाताने उतरवावी लागतील, आणि प्रत्येक शाळेत निदान दोनदा जाऊन मुलांची वाचनाची आणि वजाबाकी-भागाकाराची चाचणी घ्यावी लागेल. 'प्रथम'च्या असर पाहणीत घेतात तशी. हे एका माणसाला झेपेल का? वीस शाळा घेतल्या तर पुरतील का?

लेक_सुपीरियर

वीस शाळांत परिणाम निश्चित सांगता येणार नाही, त्यासाठी किती शाळा लागतील ते मोजायची रीत तुला शिकवते, शनिवारी रात्री भारतीय वेळेने नऊला फोन कर. पण पहिल्या निबंधाला वीस भरपूर आहेत. त्यात कारण-परिणाम सिद्ध करायला जाऊ नकोस. अंतर किती आहे, कुठे जास्त आहे, कोणत्या इयत्तेत जास्त आहे, एवढं काटेकोर दाखव. गाडगीळ-दांडेकरांनी तेच केलं होतं.

जुनी_वही

सातारा अहवालाची माझी प्रत जीर्ण झालीय, पण प्रश्नावलीची पानं फोटो काढून व्यक्तिगत निरोपाने पाठवते. हजेरीचे रकाने त्यांनी कसे पाडले होते ते पाहा.

केंद्रशाळा

ताई, बीडला या. सहा शाळांची हजेरीपत्रकं दाखवायची व्यवस्था मी करतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी तेवढी सोबत आणा. आमच्या सुनबाईंकडे राहायची सोय आहे, एकट्या मुलीने लॉजवर उतरायचं कारण नाही.

एकदा दसऱ्याच्या आधी या, पोरं ओळखीची होऊ द्या, नावं लिहून घ्या. मग डिसेंबरात त्याच नावांची यादी घेऊन परत या. आणि जी वर्गात नसतील त्यांच्यासाठी तिसरी खेप कारखान्यावर करावी लागेल. मी येईन बरोबर, टोळ्या कुठे उतरतात ते मला ठाऊक आहे.